चाकू हातात देत नाहीत

धडगावला जाऊन आले त्याला आता तीन महिने होतील. अजूनही गल्लीत कोणी भेटलं की विचारतं, "काय वं सुमन, डोंगरवर काय देखं?" मी हसते आणि पुढे जाते. चारचौघांत मला सांगता येत नाही. सुरुवात केली की मधलंच राहून जातं आणि शेवट आधी तोंडातून निघून जातो. पोरीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी होती, त्यांत लिहून ठेवते. ज्यानं सातपुडा शेताच्या बांधावरून निळा दिसतो तेवढाच पाहिला आहे, त्याच्यासाठी. मीसुद्धा इतकी वर्षं तेवढाच पाहिला होता.

जायचं कारण एक चाकू. मिटायचा, कमरेच्या पिशवीत मावणारा, कलम बांधायचा चाकू.

आमचं गाव तापीच्या काठचं, शहाद्याकडचं. शेतात विहिरीजवळ सासऱ्यांनी लावलेला आंबा आहे. त्याला आम्ही खोबऱ्या म्हणतो, कारण गर खाताना ओल्या खोबऱ्याची चव येते आणि दोरा एक नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्यावर वीज पडली. एक बाजू जळून गेली. दुसऱ्या बाजूची एकच फांदी हिरवी राहिली आणि तीही शेंड्याकडून वाळत चालली आहे. त्या फांदीच्या काड्या घेऊन कलमं बांधली नाहीत तर हा आंबा संपला. रोपवाटिकेत केशर मिळतो. खोबऱ्या मिळत नाही, तो आमच्याशिवाय कोणाकडे नाहीच.

आमच्याकडे कलमं हे बांधायचे, म्हणजे माझे मालक. पण कडबाकुट्टीत यांचा उजवा अंगठा सापडला. अंगठा राहिला, वळत मात्र नाही. म्हणून गेल्या वर्षी यांच्याच चाकूनं, यांनी शेजारी बसून सांगितलं तसं, मी नऊ कलमं बांधली. महिनाभरात नऊही काळी पडली. हे काही बोलले नाहीत. गावात मात्र बोललं गेलं की हिचा हात लागत नाही. एखाद्याच्या हातचं रोप जगतं, एखाद्याच्या हातचं जगत नाही, असं आमच्याकडे मानतात. मलाही ते खरं वाटलं.

यंदा फांदीवर कलमाजोग्या काड्या बारा-तेराच होत्या. पुढच्या वर्षी फांदी असेल की नाही, सांगता येत नाही.

यांनी जुना चाकू हातात फिरवून पाहिला. पातं झिजलेलं, खिळा ढिला, उघडला की लटलट हलतो. "याना काप वाकडा यी ऱ्हायना," ते म्हणाले. "तू तुन्हा सोता ना चाकू ली ये. तुन्हा हातले बठी असा."

"तुम्ही चला ना."

"मी उना तर मीच पसंत करसू. तू जाय. आक्काले ली जाय."

आक्का म्हणजे माझी मोठी नणंद. खोबऱ्या तिच्या बापानं लावलेला, म्हणून जीव तिचाच जास्त अडकलेला. आम्हा दोघींच्या वाट्याचं सगळं बोलणं देवानं तिला एकटीला दिलं आहे. तिला तसंही धडगावकडं आपल्या ओळखीच्या बाईकडून आमचूर आणायचं होतं. ठरलं ते असं, की तळोद्यात चाकू घ्यायचा, मग वर जाऊन आमचूर घ्यायचं आणि तिसऱ्या दिवशी परत यायचं.

तळोदा

तळोद्याला पोचलो तेव्हा दुकानं नुकती उघडत होती. आक्का मला मोठ्या रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानात घेऊन गेली. दोर, बादल्या, पंपाचे पट्टे, विळे, सगळं छतापासून टांगलेलं. शेठ म्हातारे. त्यांचे आजोबा मारवाडातून आले असं आक्का म्हणाली, पण ते आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलत होते.

"या माय, बठा. काय दखाडू?"

"मिटायना चाकू. हाई मन्ही भावजई. कलम बांधस."

शेठनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाईमाणूस कलम बांधस, हाई मी पहिलांदाच ऐकी ऱ्हायनू."

"ऐकं ना आते? मंग चांगला दखाड," आक्का म्हणाली.

शेठनं वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक करून सहा चाकू उघडून त्यावर ठेवले. आमच्या भागात चाकू, विळा, कात्री हातात देत नाहीत, भांडण लागतं म्हणतात. देणाऱ्यानं खाली ठेवायचं आणि घेणाऱ्यानं आपल्या हातानं उचलायचं. शेठनंही तसंच केलं. मी पहिला चाकू उचलायला हात पुढे केला आणि आक्काचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

"उजवा," ती हळूच म्हणाली. "त्यानी भवानी शे."

मी डावखुरी आहे. लिहिते उजव्या हातानं, कारण शाळेत गुरुजींनी तसंच लावलं. चौथीपर्यंत तेवढंच सुधारलं. बाकी विळा, पळी, सुई सगळं डावं. ज्वारी कापताना मला रांगेत सगळ्यांत शेवटी उभं करतात, नाहीतर माझा विळा शेजारणीच्या विळ्यावर आपटतो. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकानं डावा हात पुढे करावा, हे कोणत्या दुकानदाराला आवडेल? मी डावा हात पदरात घेतला.

सहाही चाकू मी उजव्या हातानं पाहिले. शेठ कागदाची पट्टी समोर धरायचे, मी कापायची. कागद सगळ्यांनीच कापला. पण उजव्या हाताला चाकूतलं काय कळतं? शेजारणीला विचारावं की आमच्या घरची भाजी कशी झाली, तसं ते. मग मी डोळ्यांनी पसंत केला. लाल मुठीचा, दोन्ही टोकांना पितळ, उघडला की टक्‌ असा आवाज.

"हाऊ?" शेठनं विचारलं.

मी मान हलवली.

"बोल ना वं, मुकी शे का?" आक्का म्हणाली. "शेठले वाटी चाकू मीच ली ऱ्हायनी."

"हाऊ," मी म्हणाले.

"चांगला शे माय. उजव्या हातमा कसा बठना, देखा," शेठ म्हणाले. भाव आक्कानं केला. शेठ शेवटी हात जोडून हसायला लागले.

जीपला वेळ होता. आक्का भजी घ्यायला गेली आणि मी स्टँडमागच्या लिंबाखाली बसले. जवळपास कोणी नव्हतं. खाली पडलेली एक ओली काडी घेतली, चाकू डाव्या हातात धरला आणि कलमाला करतात तसा तिरपा काप दिला.

काप खोलगट आला. चमच्यासारखा.

कलमाचा काप पाटीसारखा सपाट लागतो. खालच्या रोपाचा आणि वरच्या काडीचा काप एकमेकांना असे चिकटले पाहिजेत की मध्ये केसही जाणार नाही. मध्ये पोकळी राहिली की पाणी शिरतं आणि काडी कुजते. गेल्या वर्षीच्या माझ्या नऊही काड्यांचा काप असाच खोलगट होता. मी दुसरी काडी घेतली. तिसरी घेतली. तसाच.

म्हणजे चाकू नवा आणि चूक तीच. मग चूक चाकूची नव्हतीच.

आक्का भजी घेऊन आली तेव्हा मी चाकू मिटून पिशवीत ठेवला होता. "काय वं, तोंड का उतरनं?" तिनं विचारलं. मी म्हणाले, ऊन लागलं.

घाट

धडगावची जीप भरली की सुटते आणि भरली म्हणजे किती, हे ड्रायव्हरलाच ठाऊक असतं. मधल्या बाकावर आम्ही पाच जणी आणि एका बाईच्या मांडीवर दोन कोंबड्या. चांदसैलीचा घाट सुरू झाला आणि मी खिडकीला चिकटले. एका बाजूला डोंगर हाताला लागेल इतका जवळ, दुसऱ्या बाजूला खाली आम्ही आलो तो सगळा सपाट मुलूख, तापीच्या पलीकडपर्यंत. आपलं गाव त्यात कुठंतरी आहे आणि दिसत नाही, हे मला गमतीचं वाटलं. साग सगळा पानं गाळून उभा होता. मध्येच एखादा आंबा गच्च हिरवा. वर गेलो तशी हवा अंगाला बरी लागायला लागली.

आणि एका वळणावर आक्काची पिशवी फुटली.

आमच्या भागातून कोणाकडं जाताना लाल तिखट नेतात. आक्कानं घरचं, नुकतं कुटलेलं, दोन किलो तिखट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतलं होतं. जीपनं उडी मारली, कोंबडीनं पंख झाडले आणि चोच की नखं, काय लागलं कोण जाणे. लाल ढग उठला. आधी कोंबड्यांची मालकीण शिंकली, मग मागचे सगळे, मग ड्रायव्हर. त्यानं कशीबशी जीप डोंगराच्या अंगाला लावली आणि सगळे खाली उतरले. वीस माणसं रस्त्यावर उभी राहून शिंकत होती, डोळे पुसत होती आणि एकमेकांना पाहून हसत होती.

"माय, तुझं तिखट लई चांगलं आहे," एक म्हातारा शिंका आवरत म्हणाला. "थोडं आहे का उरलेलं?"

आक्कानं उरलेल्यातलं मूठभर त्याला कागदात बांधून दिलं. त्यानं टोपलीतून चारोळ्या काढून तिच्या पदरात ओतल्या. नंतरचा सगळा घाट आम्ही चारोळ्या खात आणि मधूनमधून शिंकत चढलो. इतकं हसूनही माझ्या मनातून तो खोलगट काप गेला नाही.

सायकीचं अंगण

आक्काच्या ओळखीची बाई म्हणजे सायकी. ती पावरा, डोंगरातल्या आदिवासींपैकी. पाच-सहा वर्षं ती मिरची तोडायला आक्काच्या शेतात यायची, तेव्हापासूनचा घरोबा. तिचं घर धडगावच्या अलीकडं, उतारावर एकटं. तिथं घरं अशीच लांब लांब असतात, ज्याचं शेत तिथं त्याचं घर. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आणि शेजारी काय शिजलं ते वासावर कळतं. इथं शेजाऱ्याला हाक मारायची तर ओट्यावर उभं राहून मोठ्यानं ओरडावं लागतं. घर बांबूच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं, आत थंडगार.

अंगणभर कैऱ्यांचे ढीग होते. आमचूर करतात ते मी पहिल्यांदा पाहिलं. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या आणि खडकावर उन्हात पसरायच्या. सायकी, तिची सासू आणि घरातल्या दोघी-तिघी सकाळपासून तेच करत होत्या. आमच्याकडं पाहुणा आला की आधी चहा. इथं आधी पाणी आणि मग मीठ लावलेली कैरीची फोड. ती खाताना आक्काचा एक डोळा मिटला आणि सगळ्या हसल्या.

आम्हीही सोलायला बसलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की सायकीची सासू डाव्या हातानं सोलते आहे. माझ्याशिवाय कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मी बराच वेळ पाहत राहिले. शेवटी सायकीला हळूच विचारलं, "तुझ्या सासूला कोणी काही म्हणत नाही? डाव्या हाताचं?"

सायकीनं पावरी बोलीत सासूला विचारलं. म्हातारी माझ्याकडं पाहून काहीतरी बोलली.

"ती म्हणते, उजव्या हातानं कैरी धरली आहे ना," सायकी म्हणाली. "त्याला पण काम आहे."

संध्याकाळी मक्याची जाड भाकर आणि वाटलेल्या उडदाची डाळ जेवलो. आमची डाळ पातळ आणि फोडणीची, ही घट्ट, वर नुसतं कच्चं तेल आणि आक्काच्या उरल्या तिखटाची चिमूट. मी दोनदा वाढून घेतली. मग आक्का मुद्द्यावर आली.

"दखाड सायकीले तुन्हा चाकू."

आता लपवता येईना. मी चाकू काढून खाटेवर ठेवला आणि म्हणाले, "आक्का, हाऊ परत करूत. चाकूमा काही नही. मन्हा हातच लागत नही."

"कोन म्हनस?"

"मी काडी कापी देखी. तसाच काप उना. नऊ कलम मी मारी टाका, आते ह्या बारा बी मारसू. तुम्ही दुसरा कोनी देखा."

आक्कानं चाकू माझ्याकडं सरकवला. मग एकदम म्हणाली, "दुसरा कोन? तुन्हा नवराना अंगठा शे तसा. मन्हा बाप ना आंबा शे तो, वं. मी माहेर उनी की पहिले त्याना बुडशी जास, मंग घरमा येस. तू सांगस दुसरा देखा!" तिनं डोळ्याला पदर लावला. तिखटानं असेल असं मी म्हणणार नाही.

सायकीनं चाकू उचलून पाहिला. "उद्या बाजार आहे," ती म्हणाली. "लोहार बसतो. त्याला दाखव."

"अगं नवा आहे तो."

"नवा आहे तर काय? दाखव."

बाजार

धडगावचा बाजार मी पूर्ण सांगू शकत नाही, इतका तो मोठा. डोंगराच्या प्रत्येक पायवाटेनं माणसं उतरत होती. बायकांच्या गळ्यात चांदीचं वजन, डोक्यावर टोपल्या. आमच्या बाजारात बायका पिशवी सांभाळत घाईनं चालतात. इथं दोघी भेटल्या की टोपल्या खाली ठेवून मधोमध बसतात आणि बाजार त्यांच्या बाजूनं वाहतो.

लोहार बाजाराच्या टोकाला, आंब्याखाली. नवरा-बायको दोघं. जमिनीत भट्टी, लाकडात रोवलेली ऐरण. नवरा सांडशीनं लोखंड धरायचा आणि बायको घण मारायची. चाळिशीची, काटक, नाकात मोठी नथणी. घण वर गेला की तिच्या बांगड्या कोपराकडं घसरायच्या. भोवती विळे, कुऱ्हाडी घेऊन आलेले पुरुष उकिडवे बसले होते. मी आक्काच्या मागं उभी राहिले.

"काय पाहिजे?" लोहारानं विचारलं.

आक्कानं सगळं सांगितलं. आंबा, वीज, अंगठा, नऊ कलमं, तळोद्याचं दुकान, सगळं, मोठ्यानं. पुरुष माना वळवून ऐकायला लागले. मला वाटलं जमिनीत जावं. लोहारानं माझा लाल चाकू मागून घेतला, नख पात्यावर फिरवलं.

"चांगला आहे. यात काय खोट नाही." त्यानं तो ऐरणीवर ठेवला. "उचला."

माझ्या उजव्या हातात उरलेल्या चारोळ्यांची पुडी होती. मी चाकू उचलला.

"थांब," लोहारीण म्हणाली. तिनं घण खाली टेकवला. "ठेव परत."

मी ठेवला.

"उचल."

आता मात्र मला कळलं की सगळे पाहताहेत. मी पुडी डाव्या हातात घेतली आणि चाकू उजव्या हातानं उचलला.

"आता खोटं उचललं," लोहारीण म्हणाली. पुरुष हसले. ती हसली नाही. माझ्याजवळ आली आणि माझे दोन्ही तळवे उलटे करून पाहिले. डाव्या तळव्यावर विळ्याचे घट्टे आहेत, उजवा तसा मऊ. तिनं डाव्यावर बोट ठेवलं. "हा कामाचा. मग दुकानात दुसरा का दाखवला?"

आक्काच म्हणाली, "मीच सांगं तिले. भवानी व्हती."

लोहारिणीनं मला खाली बसवलं आणि चाकूचं पातं डोळ्यांसमोर आडवं धरलं. "बघ. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. हे अंग उतरतं, हे सपाट. सपाट अंग लाकडाला लागून गेलं तर काप सपाट. उजव्या हातात धरलं की सपाट अंग बरोबर लाकडाकडं येतं. तू डाव्यात धरते. मग उतार लाकडाकडं जातो आणि पातं आत घुसतं." तिनं एक काडी माझ्यापुढं टाकली. "काप."

मी कापली. चमचा.

"आता मी." तिनं उजव्या हातात चाकू घेऊन काप दिला. पाटी.

मी त्या दोन काड्या हातात घेऊन बसले. वर्षभर मी मनात धरून होते की माझ्या हातात मरण आहे. लावलेली तुळस वाळली तरी मला तेच वाटायचं.

आक्कानं कपाळावर हात मारला. "अरे देवा! मन्हा भाऊ चाळीस कलम बांधे वरीसले, अन त्याले हाई नही समजनं?"

"त्याला कसं समजणार? त्याचा हात उजवा," लोहार म्हणाला. "डाव्याचा करून देऊ. पण कसा पाहिजे ते हिला सांगावं लागेल. तयार नसतो."

सगळे माझ्याकडं पाहत होते. आक्कानं तोंड उघडलं आणि लोहारिणीनं तिला हातानं थांबवलं. "ती सांगेल."

मी सांगितलं. आधी आवाज इतका बारीक आला की लोहारानं कान पुढे केला. पातं सरळ पाहिजे, बाक नको. टोक खाली उतरतं हवं. लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी, जास्त नको, कारण काडी बोटांत धरून कापायची असते. नख घालायची खाच उजव्या अंगाला, कारण मी उजव्या हातानं उघडणार. मूठ लाल नको.

"लाल का नको?" लोहारानं विचारलं.

"तो डोळ्यांनी घेतला होता," मी म्हणाले. लोहारीण आता हसली.

तिनं ओल्या मातीचा गोळा माझ्या डाव्या हातात दिला. "चाकू धरते तसा धर. जोरानं." मी धरला. गोळ्यावर माझ्या बोटांच्या खळ्या उमटल्या. तो तिनं शिसवाच्या तुकड्याशेजारी ठेवला आणि त्यावरून पाहून मूठ कोरायला घेतली. लोहारानं जुन्या जीपच्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्टीचा, तुकडा भट्टीत सरकवला.

दुपारपर्यंत आम्ही तिथंच होतो. आक्का मधून जाऊन आमचूर तोलून आली, तिखट देऊन लसूण घेऊन आली, कोणाच्या लग्नाची बोलणी ऐकून आली. मी हलले नाही. लोखंड लाल होतं, मग पिवळट होतं, घण पडतो, ठिणग्या उडतात. पातं पाण्यात बुडवलं तेव्हा चर्र झालं. मग तो दगडावर घासत बसला, एकाच अंगानं. एक म्हातारा पुरुष आपला विळा कधीचा घेऊन बसला होता. तो म्हणाला, "माझं राहू दे. बाईचं आधी होऊ दे. मला बघायचं आहे."

शेवटी लोहारानं तांब्याचा खिळा ठोकला, चाकू दोनदा उघडून मिटला आणि ऐरणीवर ठेवला.

या वेळी मी पुडी आक्काकडं दिली. दोन्ही हात मोकळे होते. मी डाव्या हातानं उचलला. म्हाताऱ्यानं झाडाची एक कोवळी काडी तोडून पुढे केली. मी काप दिला. उलटी करून दुसऱ्या बाजूनं दिला. पाचर झाली. दुसऱ्या काडीत चीर देऊन ती पाचर बसवली आणि उजेडाकडं धरली. मधून उजेड आला नाही.

म्हाताऱ्यानं ती हातात घेतली, फिरवली, डोळ्याजवळ नेली. मग लोहाराला काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतात?" मी विचारलं. मीच विचारलं.

"म्हणतो, ही घरी घेऊन जातो. लावतो."

घरी

तिसऱ्या दिवशी परत आलो. लाल चाकू आक्काला आवडला होता, तो तिनंच ठेवला. टक्‌ करून उघडते आणि सुपारी कातरते. यांनी माझा चाकू पाहिला, पात्याच्या दोन्ही अंगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी तुले वरीसभर मन्हा हातनी शिकाडी." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी कोयी रुजवलेल्या पिशव्या त्यांनी स्वतः सावलीत मांडून ठेवल्या.

मृग लागल्यावर काड्या काढल्या. बारा निघाल्या. मी कापायच्या आणि यांनी प्लास्टिकची पट्टी दातांत धरून डाव्या हातानं गुंडाळायची. त्यांना डाव्या हातानं जमत नव्हतं. मी त्यांना दाखवत होते.

बारातली तीन वाळली. एकीचं अजून काही सांगता येत नाही. आठ कलमांना तांबूस कोवळी पानं आली आहेत, हात लावायला भीती वाटेल इतकी नाजूक.

काल आक्का ती पाहायला आली. पिशव्यांपुढं उकिडवी बसून तिनं आठ पुन्हापुन्हा मोजली, जणू त्यांच्यात एखादं जास्त निघेल. मग माझा चाकू ओट्यावर होता तो घेतला आणि कुंपणाची एक काडी उगीच कापून पाहिली. पुन्हा कापली. कापाकडं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सुमन, हाऊ चाकू तर बिघडना वं! वाकडाच चाली ऱ्हायना."

तिनं चाकू खाली ठेवला. मी तो तिच्या शेजारून उचलला आणि मिटला.

"बिघडना नही, आक्का," मी म्हणाले. "तो मन्हा शे."